गरीब कोण, हे कसे मोजायचे?



उपासना वर्षातील शेवटून दुसरा रविवार ख्रिस्तसभा २०१७ सालापासून जागतिक गरीब दिन म्हणून पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ही प्रथा सुरू केली. त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातील गरीब निधीची यादी नव्याने करायची आहे. यादी म्हटली की पहिला प्रश्न येतो, गरीब कोणाला म्हणायचे? हा प्रश्न साऱ्या जगालाच पडलेला आहे. म्हणून आज आपण त्याचा थोडा अभ्यास करू या.

जगातील गरिबांचा आकडा वर्तमानपत्रात येतो, तो बहुतेक वेळा जागतिक बँकेचा असतो. १९९० साली बँकेने ‘दिवसाला एक डॉलर’ ही रेषा आणली. अतिशय गरीब देश स्वतः कोणाला गरीब समजतात, हे पाहून ती ठरवली होती. पुढे नवी माहिती मिळत गेली तशी रेषा सरकत गेली: २००८ साली १.२५ डॉलर, २०१५ साली १.९०, २०२२ साली २.१५ आणि जून २०२५ पासून ३ डॉलर. हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा डॉलर नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढे सामान येते, तेवढे आपल्याकडे किती रुपयांत येते, असा तो हिशेब आहे. त्यामुळे ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये नव्हेत. २०२१ च्या किमतींनुसार माणशी रोजचे साधारण साठ रुपये. त्यात तांदूळ, तेल, कपडा, औषध, एसटीचे भाडे, सगळे आले.

रेषा ३ डॉलरवर गेली तेव्हा जगातील गरिबांची संख्या एकदम सुमारे साडेबारा कोटींनी वाढली. त्या दिवशी कोणाच्या चुलीवरचे भांडे रिकामे झाले नव्हते. माप बदलले होते. म्हणून आकडा वाचताना तो कोणत्या मापाचा, हे आधी विचारावे. एकच माप घेऊन मागचे आणि आताचे मोजले, तरच तुलना होते. आजच्या मापाने १९९० साली जगातील दर दहा माणसांत चाराहून अधिक गरीब होते; आज साधारण एक आहे. म्हणजे घट खरी आहे. ती नाकारण्यात गरिबांचा कळवळा आहे, असे आम्हांला वाटत नाही. त्या घटीत चीनचा वाटा फार मोठा, आपल्या देशाचाही मोठा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मात्र गरिबांची संख्या वाढली आहे.

आपल्या देशात हे मोजण्याचे काम जुने आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावर निबंध वाचला होता. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक हा पाया धरला. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी त्यांची रेषा निघाली. खेड्यातील सुमारे ४० टक्के आणि शहरातील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते.

प्रश्न कसा विचारला, यावरही उत्तर बदलते. गेल्या महिन्यात मासळीवर किती खर्च झाला, असे विचारले तर आपल्यापैकी कोणाला नीट सांगता येईल? गेल्या आठवड्याचे विचारले तर आठवते. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्याच्या खर्चाबद्दल ३० दिवसांचा आणि ७ दिवसांचा, असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले गेले. त्यामुळे गरिबी नक्की किती घटली, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद कित्येक वर्षे चालला!

विषमता मोजणे त्याहून अवघड. एका घरात महिना ५ हजार आणि दुसऱ्यात ५० हजार येतात असे समजा. दोघांचेही उत्पन्न दुप्पट झाले. प्रमाण पूर्वीसारखेच, एकास दहा. पण अंतर ४५ हजारांवरून ९० हजारांवर गेले. विषमता वाढली की तेवढीच राहिली? अर्थशास्त्राची नेहमीची मापे ‘तेवढीच’ म्हणतात. जमीन विकत घ्यायला निघालेला गरीब माणूस तसे म्हणणार नाही. संपत्तीकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे, आणि खालच्या निम्म्या लोकांकडे २ टक्के.

मार्कच्या शुभवर्तमानात (१२:४१-४४) प्रभू येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून मोजमापच करतो. विधवेच्या दोन टोल्या किती, हे तो पाहत नाही. टाकल्यावर तिच्याजवळ काय उरले, हे पाहतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०२० सालच्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात सावध केले आहे की, कालच्या निकषांनी मोजले तर आजची गरिबी दिसत नाही. पूर्वी घरात वीज नसणे ही गरिबीची खूण नव्हती. आज वीज नसलेल्या घरातले मूल दहावीला कसे बसेल?

आता आपली यादी. तिच्यात आजवर महिन्याचे उत्पन्न आणि घर कच्चे की पक्के, एवढेच पाहिले जाते. घर पक्के आहे, दारात स्कूटर आहे, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, असे कुटुंब त्या मापाने श्रीमंत ठरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांची नावे तर धर्मग्रामाच्या नोंदवहीतच नाहीत. म्हणून या वेळी संत विन्सेंट डी पॉल संघटनेचे सभासद घरोघरी उत्पन्नाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारतील: औषधांचा खर्च, डोक्यावरचे कर्ज आणि शाळा सोडलेले मूल. उत्तरे धर्मगुरू आणि दोन सभासद यांच्यापलीकडे जाणार नाहीत. ज्यांना घरी कोणी येऊन विचारलेले नको असेल, त्यांनी बंद पाकिटात लिहून ते येत्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आमच्या हाती द्यावे. शेजाऱ्याचे नावही सुचवता येईल. मात्र त्याला आधी विचारूनच.