फुटक्या बांगड्यांची बाग

घर सजवायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम दुकान येते. ईद जवळ आली की नवे पडदे, नव्या कुंड्या, कागदी फुले अशी यादी तयार होते. अब्बा ती यादी वाचतात, घडी करतात आणि खिशात ठेवून देतात. मग ती यादी पुन्हा कोणाला दिसत नाही!

मुलांनो, सजावटीची कल्पना दुकानातच मिळते असे नाही. चंदीगड शहरातील एका साध्या नोकरदाराला ती भंगारात सापडली. उर्दूत आपण ज्याला ‘कबाड’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘भंगार’ म्हणतात. या माणसाचे नाव नेकचंद सैनी.

नेकचंद यांचा जन्म 1924 साली शकरगड तालुक्यातील एका खेड्यात झाला. आज तो भाग पाकिस्तानात आहे. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि त्यांच्या कुटुंबाला घर, शेत, गाव सारे सोडून यावे लागले. पुढे नेकचंद यांना चंदीगडमध्ये सरकारी बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षकाची नोकरी मिळाली.

त्या वेळी चंदीगड हे नवे शहर उभे राहत होते. फ्रान्समध्ये राहणारे प्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांनी त्याचा आराखडा केला होता. सरळ रस्ते, चौकोनी विभाग, सारे कसे पट्टीने आखल्यासारखे! परंतु नवे शहर वसवण्यासाठी तिथली अनेक जुनी खेडी पाडावी लागली. त्या खेड्यांचा मलबा जागोजागी पडून होता. विटा, कौले, मडकी, चिनी मातीची भांडी, फुटक्या बांगड्या. ज्याचे स्वतःचे गाव मागे राहिले, त्याला दुसऱ्यांच्या मोडलेल्या गावांचे तुकडे टाकून द्यावेसे वाटले नसावेत, असे मला वाटते.

नोकरीची वेळ संपली की नेकचंद सायकलवर निघत. नदीनाल्यांच्या काठावरून चित्रविचित्र आकारांचे दगड आणत. कोणता दगड पक्ष्यासारखा, कोणता माणसासारखा, हे ते पाहत बसत. सुखना तलावाजवळ सरकारी राखीव जंगल होते. तिथे काहीही बांधण्यास मनाई होती. त्याच जंगलात त्यांनी झाडी साफ केली, एक झोपडी उभारली आणि गोळा केलेले सामान तिथे साठवले. पुढे त्या सामानातून पुतळे उभे राहू लागले. हे काम गुपचूप आणि बहुतेक रात्रीच्या वेळी चाले. असे एक-दोन नव्हे, तर पंधरा-सोळा वर्षांहून अधिक काळ चालले.

शेवटी 1970 नंतरच्या काही वर्षांत सरकारी अधिकाऱ्यांना या जागेचा पत्ता लागला. आता काय करावे? कायद्याने पाहिले तर हे सारे पाडायलाच हवे होते. पण जो कोणी ते पाही, तो थक्क होई. शेकडो पुतळे रांगेत उभे होते! शहरातील लोकांनी बाजू घेतली आणि बाग वाचली. 1976 साली ती सर्वांसाठी खुली झाली. नेकचंद यांना जुन्या कामातून मोकळे करून याच कामासाठी पगार मिळू लागला आणि पन्नास मजूर मदतीला देण्यात आले. 1984 साली त्यांना ‘पद्मश्री’ हा सन्मान मिळाला. ‘रॉक गार्डन’ या नावाने ही बाग आज ओळखली जाते.

तरीही तिच्यावरचे संकट कायमचे टळले नाही. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी त्यांची वाट अडवली. 1996 साली नेकचंद परदेशी गेले असताना काही लोकांनी पुतळ्यांची मोडतोड केली. 2015 साली ते वारले. 2025 साली उच्च न्यायालयाकडील वाहनांच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हाही अनेक लोकांनी नाराजी व्यक्त केली. टाकाऊ वस्तूंतून उभी राहिलेली बाग पुन्हा टाकाऊ ठरू नये, एवढीच त्यांची मागणी होती.

आता ही बाग जरा बारकाईने पाहू. तिथे सायकलची सीट एखाद्या प्राण्याचे डोके झाली आहे. सायकलचा पुढचा चिमटा त्याचे पाय झाला आहे. कुठे विजेच्या टाकाऊ सामानाची भिंत आहे. चिंध्यांपासून माणसाएवढ्या बाहुल्या केल्या आहेत. आणि बांगड्या! कित्येक पुतळ्यांचे कपडे फुटक्या बांगड्यांचे आहेत. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर सिमेंट, आणि सिमेंट ओले असतानाच त्यात जवळजवळ दाबून बसवलेले हिरवे, लाल, निळे तुकडे. ऊन पडले की ते चमकतात. दारे मात्र मुद्दाम ठेंगणी आहेत. मोठ्या माणसांना वाकूनच आत जावे लागते. लहान मुले ताठ मानेने जातात, याची त्यांना मोठी गंमत वाटत असणार.

नेकचंद यांची खरी युक्ती कोणती? पुष्कळजण म्हणतील, ‘टाकाऊतून टिकाऊ.’ ते खरे आहे, पण अपुरे आहे. आपणही घरी रिकाम्या बाटलीवर लोकर गुंडाळतो आणि चार दिवसांनी ती बाटली कोपऱ्यात धूळ खात पडते. नेकचंद यांनी एकेक वस्तू सजवली नाही. त्यांनी एकाच जातीच्या वस्तू भरपूर जमवल्या, वेगवेगळ्या ढिगांत लावल्या आणि मग एकत्र वापरल्या. एक फुटकी बशी म्हणजे कचरा. पण तिच्यासारखे दोनशे पांढरे तुकडे शेजारी शेजारी बसले की तयार होते सुंदर नक्षी. म्हणून आधी जमवावे, निवडावे, आणि घाई करू नये. स्पेनमधील बार्सिलोना शहरात आंतोनी गाउदी यांनी केलेल्या ‘पार्क गुएल’ या बागेत नागमोडी लांब बाक आहे. तोही फुटक्या फरश्यांच्या तुकड्यांनीच मढवलेला आहे.

आपल्या घरी बाग नसली तरी एखादी कुंडी असतेच. फरशीच्या दुकानाबाहेर फुटक्या टाइल्स पडलेल्या असतात. विचारून आणाव्यात. फार तर दोन रंग निवडावेत. सगळेच रंग घेतले तर कुंडी जत्रेतल्या दुकानासारखी दिसते. टाइल्स जाड पोत्यात गुंडाळून मोठ्या माणसाकडून हातोडीने फोडून घ्याव्यात, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. हातमोजे हवेतच. मातीची कुंडी पाण्याने ओली करावी. सिमेंट आणि चाळलेली वाळू कालवून तिच्यावर बोटाच्या एका पेराहून कमी जाडीचा थर द्यावा. त्यात तुकडे दाबून बसवावेत, पण दोन तुकड्यांमध्ये थोडी फट ठेवावी. बांगडीचा तुकडा असेल तर त्याची टोके आत रुतली पाहिजेत, नाहीतर पुढे पाणी घालणाऱ्याचा हात कापेल. दुसऱ्या दिवशी फटी पांढऱ्या सिमेंटने भराव्यात आणि ओल्या फडक्याने तुकडे पुसून घ्यावेत. नंतर चार-पाच दिवस कुंडीवर पाणी शिंपडावे. हे अनेकजण विसरतात आणि मग तुकडे निखळले की सिमेंटला दोष देतात!

हीच रीत मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे गच्चीवर दिसते. मुंबईसारख्या शहरांत अनेक इमारतींच्या गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेले असतात. गवंडी त्याला ‘चायना मोझॅक’ म्हणतात. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खालची खोली कमी तापते. पावसाचे पाणीही झिरपत नाही. एखाद्या हौशी गवंड्याने मधोमध निळ्या तुकड्यांचा मासा किंवा फूल काढलेले असते. कपडे वाळत घालायला आलेल्या माणसांखेरीज ते कोणी पाहत नाही. गवंड्याने मात्र ते काढलेले असते.

स्वाध्याय

1. नेकचंद यांनी आपले काम गुपचूप का केले?
2. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे उत्तर लेखकाला अपुरे का वाटते? तुमचे मत सांगा.
3. बाग वाचवण्यासाठी चंदीगडच्या लोकांनी काय काय केले?
4. मलबा, दुकान, कागद यांसारखे मराठीत आणि उर्दूतही वापरले जाणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.
5. महिनाभर एकाच प्रकारची टाकाऊ वस्तू जमवा. ती कोठे, कशी लावाल याचे चित्र काढा.