घाईचा दात

वाढत्या वयाच्या मुलाचा पुढचा दात गेला की घरात एकच घाई सुटते, आता कायमचा दात बसवून टाका. भाचीच्या वेळी आमच्याकडे, जळगावला, हेच झालं. चौदाची पोर, गॅदरिंगच्या तालमीत पायरीवर आपटली. दात मुळासकट निघाला आणि त्या गोंधळात कुणी तो शोधलाही नाही. आजीला निराळीच काळजी, “पोरना दात गया, आते लगीन कसं व्हई?” एका दवाखान्यात, नाव कशाला घ्या, हाडात स्क्रू घालून इम्प्लांट बसवलं. दात इतका जमला होता की पाहुण्यांना सांगूनही पटेना.

पोर कॉलेजात गेली तोवर तोच दात आखूड दिसू लागला. खालची कड शेजारच्या दातापेक्षा वर, हिरडीची रेघही वर. फोटोत ती ओठ मिटून घ्यायला लागली. वरची कॅप बदलून लांब केली, तर दात लांबोडका दिसला, कारण हिरडी होती तिथेच राहिली.

स्क्रू हलला नव्हता. जबडा वाढला होता. नैसर्गिक दात हाडात बारीक तंतूंनी धरलेला असतो, म्हणून जबडा वाढतो तसा तोही खाली येतो. इम्प्लांटला हे तंतू नसतात. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, ते टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं या भरवशावर. मोठ्या माणसाला जे वरदान, तेच वाढत्या पोराला नडतं. मुलींनी साधारण सतरा-अठरापर्यंत, मुलग्यांनी वीस-एकविसापर्यंत थांबावं असं म्हणतात. वरच्या पुढच्या दातासाठी आणखी थांबलेलं बरं.

पुढे माझ्या धाकट्याचा दात क्रिकेटच्या चेंडूने गेला, तेव्हा मी साधी काढघालीची प्लेट मागितली. नातेवाइकांना ते चिक्कूपणाचं वाटलं. वाटू दे. तारेच्या आकड्यांची ती गुलाबी प्लेट जागा राखते, शेजारचे दात मोकळ्या जागेत कलत नाहीत आणि तोंड वाढलं की नवी करून घेता येते. कळण्याची भाकरी मागच्या दातांनी तोडायची, चिक्की बंद. रात्री प्लेट काढून वाटीभर साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात ती वाकडी होते.

प्लेट नको असेल तर शेजारच्या एका दाताच्या मागे पंख चिकटवून बसवलेला मेरीलँड ब्रिज चालतो. त्यात दात जवळपास घासावे लागत नाहीत. दोन्ही बाजूंचे दात घासून बसवायचा नेहमीचा ब्रिज मात्र पोराला नको. या वयात दाताची नस मोठी असते, घासताना तिला इजा होते. काहींचा पुढच्या दोन दातांशेजारचा दात जन्मतःच नसतो. तिथे तारा लावून सुळा पुढे आणता येतो, मग खोटा दात लागतच नाही. हा निर्णय तारा लावणाऱ्या आणि मुलांच्या दातांच्या तज्ज्ञाने मिळून घ्यावा. धुळ्याला साक्री रोडवरच्या एसीपीएम डेंटल कॉलेजात दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत.

शाळेतल्या सरांनाही हे माहीत हवं. पक्का दात मुळासकट निघाला तर दिसणाऱ्या टोकाला धरून उचलावा, मूळ घासू नये, पाण्याने हलकेच धुऊन लगेच खोबणीत बसवावा. नाहीच जमलं तर दुधात टाकून तासाभराच्या आत डॉक्टर गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

आणि कुणी सोळा वर्षांच्या पोराला इम्प्लांट सुचवलं, तर विचारा, “वाढ थांबली हे कशावरून?” सहा महिने-वर्षाच्या अंतराने काढलेले डोक्याचे दोन एक्स-रे पुढ्यात ठेवून त्यांनी ते दाखवलं नाही, तर तारीख घेऊ नका.