छापून न आलेल्या फ्रेम्स

वर्तमानपत्रासाठी चित्रपट महोत्सवांचे फोटो काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निगेटिव्हचे डबे आणि हार्डडिस्क लावायला बसलोय. लावता लावता जे उमगत गेलं, ते हे.

१. महोत्सवाचा इतिहास म्हणजे पारितोषिकांची यादी नव्हे. फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं १९६८ साल घ्या. त्या वर्षी पारितोषिकं दिलीच गेली नाहीत. फ्रान्समध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी महोत्सव थांबावा म्हणून १८ मे रोजी गोदार, त्रुफो आणि इतर दिग्दर्शक मंडळींनी सिनेमा सुरू होऊ नये म्हणून रंगमंचाचा पडदा धरून ठेवला. रोखलेला सिनेमा स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस सावरा यांचा होता आणि पडदा धरणाऱ्यांत सावरा स्वतःही होते. दुसऱ्या दिवशी महोत्सव गुंडाळावा लागला. यादीत त्या सालापुढे काही नाही. त्या गर्दीचे, रेटारेटीचे फोटो मात्र आहेत, आणि त्या सालाचं सगळं म्हणणं त्यांच्यात आहे.

२. न झालेल्या महोत्सवाचाही फोटो असू शकतो. कानचा पहिला महोत्सव १९३९च्या सप्टेंबरात व्हायचा होता. युद्ध सुरू झालं आणि तो प्रत्यक्षात भरला १९४६मध्ये, जिथे आपल्या ‘नीचा नगर’ या सिनेमाला गौरव मिळाला. पण १९३९मध्ये कानला आलेल्या, सिनेमाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएर यांचा फोटो गावातल्याच ओग्यूस्त त्राव्हेर्सो यांनी काढून ठेवला होता. पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं. बाहेरून आलेला छायाचित्रकार नट-नट्यांच्या मागे असतो. गावातल्या माणसाला हेही दिसतं, की यंदा काय बदललं.

३. इतिहास बहुतेक वेळा चेहऱ्याच्या मागे असतो. हे मला पणजी शहराने दाखवलं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४मध्ये गोव्यात आला, जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत आणि शेजारचं नवं मल्टिप्लेक्स गजबजून गेलं. डेस्कला हवा असायचा दोन कॉलमात बसणारा चेहरा. बाकीचं क्रॉप व्हायचं. आज अख्ख्या फ्रेम्स वर्षवार लावल्या, की अभिनेत्रीच्या खांद्यामागे मांडवी नदी दिसते आणि तिच्यात कॅसिनोंची जहाजं वाढत गेलेली दिसतात. तिकिटांच्या रांगा दिसतात, गळ्यात पास अडकवून पायऱ्यांवरच भजी-पाव खाणारी पोरं दिसतात. यातलं काहीही मी मुद्दाम टिपलेलं नव्हतं, आणि आज मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

४. म्हणूनच प्रायोजकांची नावं छापलेला तो बॅकड्रॉपचा फलक मला खुपतो. त्याच्यापुढे उभा राहिलेला माणूस कुठल्या गावात आहे, बाहेर ऊन आहे की पाऊस, काही म्हणता काही कळत नाही. फोटो हजारोंनी निघतात आणि सगळे एकसारखे. याला सणसणीत अपवाद म्हणजे २०२१च्या जानेवारीत भरलेला, कोविडमुळे पुढे ढकललेला इफ्फी. मास्क आणि मधल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, की तारीख विचारावी लागत नाही.

५. नाव नसलेला फोटो हळूहळू मुका होतो. १९७७च्या दिल्ली महोत्सवाच्या वेळी ताजमहालापाशी घेतलेला सत्यजित राय, कुरोसावा आणि अंतोनिओनी या दिग्दर्शकांचा फोटो जगभर फिरतो; त्याला फोटोओळ नसली तरी चालतं. पण पाहुण्याशेजारचा दुभाषा, प्रोजेक्टरवरचा माणूस, पहाटेपासून दारावर उभी असलेली स्वयंसेविका यांना फोटोओळीशिवाय कोण ओळखणार? जुन्या प्रिंटच्या पाठीवर कार्यालयाचा शिक्का असतो, पेन्सिलीने आखलेलं क्रॉप असतं, आणि नावं फक्त मोठ्यांचीच.

६. हे सगळं नाशवंत आहे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी लागते. जुनी ॲसिटेट फिल्म कुजायला लागली, की डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनने सांभाळला, म्हणून तो आज पाहता येतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वृत्तछायाचित्रकारांचं काम मात्र माळ्यावर पडून आहे किंवा कार्यालय हलवताना टाकून दिलं गेलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सध्या मी जुन्या सहकाऱ्यांपुढे प्रिंट ठेवून नावं विचारतो. कधी एकाच चेहऱ्याला दोघे दोन नावं सांगतात. मी दोन्ही लिहून घेतो, कोणी सांगितलं त्याच्यासकट.