भांडी ओली का राहतात

चि. सायली,

तुझा निरोप मिळाला. डिशवॉशरमधून भांडी लख्ख निघतात, पण वाट्या-डबे ओलेचिंब; मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत ‘पीसीबी गेलाय’ म्हणून सांगून गेला; आणि शेवटी पुसायचंच असेल तर मशीन हवं कशाला, असं सासूबाई म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे. ओल्या डब्यात रवा भरला की त्याच्या गुठळ्या होतात, आणि रोजच्या दमट फडक्याने पुसलं तर गरम पाण्याने स्वच्छ झालेल्या भांड्याला पुन्हा फडक्याचा वास लागतो. पण पीसीबीचे, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे, पैसे एवढ्यात देऊ नकोस. माझा सगळा जन्म ही यंत्रं उघडण्यात गेला, म्हणून हक्काने सांगतो: आधी तुझं तुलाच बरंच काही बघता येईल.

तुझ्या मशीनमध्ये भांडी वाळवायला वेगळा पंखा नाही, गरम हवाही नाही. शेवटची खंगाळ साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्याने होते, त्यात भांडी तापतात, आणि अंगातल्या त्या उष्णतेवरच वरचं पाणी उडून जातं. ती वाफ मशीनच्या आतल्या स्टीलच्या भिंतींवर जमते, कारण भिंती भांड्यांपेक्षा थंड असतात. गरम वरणावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून थेंब धरतात, अगदी तसंच. म्हणून भिंती ओल्या दिसल्या तर घाबरू नकोस, त्या ओल्याच असायला हव्यात. काही महागड्या मशीनमध्ये झिओलाइटचे खडे असतात, ते ओल शोषताना स्वतः तापतात. काहींचं दार शेवटी आपोआप उघडतं. शेजारणीकडे तसलं असेल तर तिच्या वाट्यांशी तुलना करू नकोस.

आता शोधायचं एवढंच: भांड्याला पुरेशी उष्णता मिळाली का, आणि वाळायच्या वेळी त्यावर पाणी किती उरलं होतं.

पाणी कमी उरावं यासाठी रिन्स एड असतं. ते चकाकीसाठी असतं असं समजून बरेच जण पहिली बाटली संपली की आणतच नाहीत. साध्या पाण्याचे भांड्यावर टपोरे थेंब राहतात. रिन्स एडने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्याचा पातळ पापुद्रा होऊन ते ओघळून जातं, आणि उरलेलं चटकन उडतं. तू ऑल-इन-वन टॅबलेट वापरतेस, म्हणून वेगळं लागत नाही, असं दुकानदार सांगेल. पण टॅबलेट मुख्य धुण्यात विरघळते आणि ते पाणी मशीन बाहेर टाकतं. शेवटच्या खंगाळीपर्यंत तिच्यातलं फारसं काही उरत नाही. दाराच्या आतला कप्पा भर आणि त्याचा आकडा एका घराने वाढव. भांड्यांवर निळसर झाक किंवा ओघळ दिसले तर एक घर मागे ये. सॉल्टचं काम वेगळं. तुमच्या वाकडला पवना नदीचं पाणी येतं तोवर ठीक, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की ते जड असतं. तेव्हा सॉल्टचं सेटिंग वाढवावं लागतं. सॉल्ट कमी पडलं तर पांढरे डाग पडतील, पण भांडी ओली राहण्याचं कारण ते नाही.

मग भांडी लावण्याकडे बघ. आपल्या स्टीलच्या ताटाचा काठ बाहेर वळवलेला असतो. एक ताट काढून त्या काठाखालून बोट फिरव, बोट ओलं होईल. ताट सरळ उभं राहिलं तर ते पाणी तिथेच अडकतं, म्हणून जरा कलतं लाव. कपांच्या बुडाला खळगा असतो, त्यात तळं साचतं. तेही कलते ठेव. वाट्या एकीत एक बसल्या तर त्यांच्या मधे वाफेलाही वाट मिळत नाही. कुकरच्या झाकणाची रिंग काढून ठेव. आणि रिकामं करताना नेहमी खालचा ट्रे आधी, नाहीतर वरच्या कपांतलं पाणी खालच्या वाळलेल्या भांड्यांवर सांडतं. निम्म्या तक्रारी या एका सवयीने मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्लास्टिकच्या डब्यांबद्दल मात्र आशा धरू नकोस. ते हलके, त्यांत उष्णता थोडीच साठते, आणि असते तीही थेंबापर्यंत लवकर पोचत नाही. चांगल्या मशीनमधूनही ते बहुधा ओलसरच निघतात. मुलाचा टिफिन ओला आणि काचेचा ग्लास कोरडा असेल, तर मशीन ठणठणीत आहे.

इको प्रोग्राम वीज वाचवतो तो कमी तापवूनच. त्यामुळे परीक्षा घेताना एकदा कढईचा, म्हणजे ७० अंशांचा प्रोग्राम लाव. संपल्याबरोबर चिनी मातीचा मग जपून हातात घे. धरवत नाही इतका गरम असेल, तर हीटर शाबूत आहे. नंतर पंधरा-वीस मिनिटं दार बंद ठेव, मग चार बोटं उघडं ठेव. लगेच सताड उघडलंस तर वाफ ओट्याखालच्या प्लायवर जाते आणि त्याची कड फुगते. पावसाळ्यात वाळायला जरा जास्त वेळ लागेल, तो द्यावाच लागतो.

हातातला मग कोमट लागला तर दुसरी खूण सांगतो. घरातले एसी, गीझर, फ्रीज बंद करून मशीन लाव, आणि सुरुवातीचं थंड पाणी सुटून मुख्य धुणं सुरू झालं की कुणाला तरी खाली मीटर रूममध्ये पाठव. मीटरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल, तर दोन किलोवॉटचा हीटर चालू असताना दिवा सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतो. नुसता पंप चालू असेल तर तो बराच रेंगाळत लुकलुकेल. धुण्याच्या अख्ख्या वेळात तो वेग कधीच आला नाही, तर हीटरला वीज मिळत नाही किंवा हीटरच गेलाय, हे मेकॅनिक यायच्या आधी तुला कळलेलं असेल.

मग त्याला बोलाव, आणि प्लग काढून मल्टिमीटरने हीटर तुझ्यासमोर मोजायला सांग. पंचवीस ते तीस ओहमच्या आसपास आलं तर हीटर चांगला. काहीच दाखवलं नाही तर तो तुटलाय. नंतर वायरींचे जोड बघायला सांग, मग तापमानाचा सेन्सर. ही तिन्ही नीट निघाली तरच पीसीबीचा विषय काढू दे. न मोजता पार्ट बदलणाऱ्याला बिल देऊ नकोस, तो कितीही ओळखीचा असला तरी.

एका वेळी एकच गोष्ट बदल. रिन्स एडचा आकडा, प्रोग्राम आणि भांड्यांची मांडणी एकाच दिवशी बदललीस तर गुण कशाने आला ते कळणार नाही. काय बदललंस आणि भांडी कशी निघाली, ते फ्रीजवरच्या कागदावर लिहीत जा. पुढच्या रविवारी फोन करेन तेव्हा मला तेच वाचून दाखव. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सुधाकाका