ईथरचा फवारा, पेटता बोळा आणि थंडीत अडलेला जुना ट्रॅक्टर

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पहाटेच्या वेळी जुने ट्रॅक्टर व टिलर सुरू होत नाहीत, ही तक्रार बंगळुरूभोवतीच्या द्राक्षपट्ट्यातून आणि नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरातून दर हिवाळ्यात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरील बंगळुरूच्या उत्तरेस देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर आणि चिक्कबळ्ळापूर हा ‘बंगलोर ब्लू’ द्राक्षाचा मुलूख आहे, तर निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वारंवार होतात. याच दिवसांत भुरीचा प्रादुर्भाव वाढतो, ब्लोअरने फवारणी करायची असते आणि ती वारा पडलेला असतानाच उरकावी लागते, त्यामुळे अडलेल्या ट्रॅक्टरपुढे उभ्या असलेल्या बागायतदाराची घाई समजण्यासारखी आहे. तथापि या घाईतून रूढ झालेल्या एका उपायाने ट्रॅक्टर आणि माणूस दोघांनाही धोक्यात आणले आहे. हा उपाय म्हणजे हवेच्या नळीत मारलेला ईथरचा फवारा आणि तो हाताशी नसेल तेव्हा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरलेला डिझेलचा पेटता बोळा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या भागापर्यंत दाबतो, त्या दाबाने हवा सुमारे पाचशे अंशांपर्यंत तापते आणि पिस्टन अगदी वर पोहोचता पोहोचता नोझलमधून उडालेले डिझेल या हवेत आपोआप पेटते. पेटण्याची वेळ नोझल ठरवते, हे येथे महत्त्वाचे आहे. ईथर मात्र नोझलमधून येत नाही. ते हवेबरोबरच सिलिंडरमध्ये शिरते आणि अवघ्या 160 अंशांच्या आसपास पेट घेते, म्हणजे पिस्टन अजून वर चढत असतानाच स्फोट होतो आणि तो पिस्टनला उलट खाली ढकलतो. वर ढकलणारा सेल्फ आणि खाली ढकलणारा स्फोट यांच्या कात्रीत पिस्टनच्या वरच्या खाचेची कड तुटते, रिंगांचे तुकडे होतात, हेड गॅस्केट उडते आणि कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. रिंगा झिजल्या की दाबलेली हवा बाजूने निसटते, हवा पुरेशी तापत नाही, पुढच्या सकाळी इंजिन आणखी अवघड होते आणि फवारा वाढवावा लागतो. दोन-तीन हिवाळे असे गेले की तो ट्रॅक्टर उन्हाळ्यातही फवाऱ्याविना उठत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फवाऱ्यानेच चालतो हे त्या उपायाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, परंतु ते प्रमाणपत्र नसून त्या इंजिनाच्या दुखण्याचे लक्षण आहे.

याहून गंभीर धोका हवा तापवणारी सोय असलेल्या ट्रॅक्टरांत आहे. पर्किन्स घराण्यातील सिम्पसन इंजिन बसवलेल्या जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत थर्मोस्टार्ट नावाचा भाग असतो. किल्ली तापवण्याच्या खुणेवर धरली की त्याची तार लाल होते, तिच्यावर थेंबथेंब डिझेल पडून इनलेट मॅनिफोल्डमध्ये लहानशी ज्योत पेटते आणि आत जाणारी हवा गरम होते. काही इंजिनांत हेच काम सिलिंडरमध्ये बसवलेला ग्लो प्लग करतो. तापलेल्या तारेवर ईथर गेले तर मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊन एअर क्लीनरचे झाकण आणि ज्वाळा बाहेर, म्हणजे वाकून फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर येतात. थर्मोस्टार्ट किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, आणि पेटता बोळा तर कोणत्याच इंजिनात नको, कारण बोळ्याची राख व धागे थेट सिलिंडरमध्ये ओढले जातात आणि ट्रॅक्टरच्या पोटाशी सांडलेल्या डिझेल-तेलाला आग लागते. वास्तविक या जुन्या ट्रॅक्टरांपैकी कित्येकांचा थर्मोस्टार्ट केवळ वायर तुटल्यामुळे किंवा त्याची डिझेलची बारीक नळी चोंदल्यामुळे वर्षानुवर्षे निकामी पडलेला असतो. बंगळुरूत जे. सी. रस्त्यावर आणि चिकपेटेला लागून असलेल्या सदर पत्रप्पा रस्त्यावर जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांसाठी जाणाऱ्याने फवाऱ्याचा डबा विकत घेण्याऐवजी हा एक भाग आणि त्याची वायर आणली, तर हंगाम निभावतो. तापवण्याच्या खुणेवर किल्ली पंधरा ते वीस सेकंद धरावी, मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधील घट्ट झालेले तेल फिरवण्याचे ओझे सेल्फवर येत नाही.

बंगळुरू शहरात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान 13 जानेवारी 1884 रोजीचे 7.8 अंश आहे. इतक्या थंडीत सुस्थितीतील डिझेल इंजिन बाहेरच्या कोणत्याही मदतीविना सुरू होते, तेव्हा बारा-चौदा अंशांवर ते अडत असेल तर दोष थंडीचा नसून यंत्राचा किंवा इंधनाचा आहे आणि तो शोधण्यासाठी सेल्फ मारताना धुराकडे पाहणे पुरेसे असते. धूर मुळीच येत नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचतच नाही, मग फिल्टर तपासून लाइनमधील हवा काढावी. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही, म्हणजे दाब कमी आहे, नोझल गळते आहे किंवा सेल्फ फार हळू फिरतो आहे.

धूरच येत नसेल तर पुष्कळदा दोष कॅनमध्ये असतो. डिझेलमध्ये मेण असते, थंडीत त्याचे स्फटिक होऊन ते फिल्टरवर साचते आणि इंजिन उपाशी राहते. भारतीय मानक आयएस 1460 प्रमाणे ज्या तापमानाला डिझेल ठरावीक जाळीतून जाणे बंद होते त्याची कमाल मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांत 6 अंश आणि उरलेल्या महिन्यांत 18 अंश अशी आहे. याचा अर्थ असा की पावसाळ्यात भाव वाढण्याच्या भीतीने कॅन भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे फिल्टरमध्ये चोंदू शकते आणि तेही निफाडातच नव्हे, चिक्कबळ्ळापुरातसुद्धा. साठवलेले डिझेल ऑक्टोबरअखेर संपवावे, नोव्हेंबरनंतर ताजे घ्यावे, फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे आणि टाकी संध्याकाळीच भरावी, कारण रिकाम्या टाकीत रात्री दव धरते व ते पाणी फिल्टरमध्ये उतरते. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याची सवय सोडावी. रोटरी पंपाला वंगण फक्त डिझेलचेच मिळते आणि पातळ मिश्रणाने तो पंप घासून मरतो, शिवाय पेट्रोलची वाफ टाकीला स्फोटक करते. लडाख, कारगिल आणि स्पितीतही हिवाळ्यात डिझेलमध्ये रॉकेल घातले जात असे, परंतु 17 नोव्हेंबर 2019 पासून इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातील, उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तेथे पुरवायला सुरुवात केली. उणे तीस अंशांच्या प्रदेशाने सोडलेला उपाय शून्य अंशही न पाहणाऱ्या पट्ट्याने धरून ठेवावा, याला कोणतेही कारण नाही.

बॅटरीचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे, परंतु शून्य अंशाला तिची सेल्फ फिरवण्याची ताकद उबेच्या मानाने साधारण एकतृतीयांशाने घटते, इतके ध्यानात ठेवावे. रात्रभर विसावलेल्या बॅटरीवर 12.4 व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल तर चार्जिंगआधी अर्थिंगच्या पट्ट्याचा गंज खरवडावा.

सेल्फच्या दोन टोकांवर पाना किंवा स्क्रूड्रायव्हर ठेवून ट्रॅक्टर ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत तत्काळ थांबली पाहिजे. या पद्धतीत न्यूट्रलचा सुरक्षा स्विच बाजूला पडतो, ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताक्षणी पुढे झेपावतो आणि मोठ्या चाकासमोर नेमका तो पाना धरणारा माणूसच उभा असतो. हे अपघात थंडीच्याच दिवसांत वाढतात, कारण चाकाजवळ वाकून उभे राहण्याची वेळ तेव्हाच येते. उतारावरून ढकलून सुरू करण्याची सवयही तितकीच घातक आहे, कारण इंजिन न लागल्यास जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक पुढे साथ देतीलच असे नाही.

टिलरधारकांसाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. 1967 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या व्ही.एस.टी. कंपनीचे, मित्सुबिशीच्या सहकार्याने तयार झालेले टिलर या भागात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे आडव्या सिलिंडरचे इंजिन हँडल मारून सुरू होते. डिकॉम्प्रेशनचा खटका, म्हणजे झडप उघडी ठेवून दाब सोडणारी कळ, दाबून इंजिन आधी दहा-बारा फेऱ्या मोकळे फिरवावे, त्यामुळे तेल सर्वत्र पोहोचते. मग वेग धरल्यावर खटका सोडावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती गुंडाळू नये, कारण इंजिन उलट मारले की गुंडाळलेला अंगठा आणि मनगट मोडते. हँडल जेथे अडकते ती पिन झिजलेली असेल तर ती बदलेपर्यंत टिलरला हात लावू नये.