तिसरा आयसोथर्म

मुलुंड

चि. मुक्ता,


व्हॉट्सॲप येत असूनही मामा कागद घेऊन का बसला, असं तुला वाटेल. फोनवर माझा आवाज चढला असता आणि तू ‘हो मामा, हो मामा’ करत फोन ठेवला असतास, म्हणून.

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. केमकॉनमधल्या गप्पा सांगता सांगता सहज बोलून गेला, की परदेशी गटाबरोबरच्या तुमच्या पेपरसाठी कार्बन डायऑक्साइड शोषणाचे तीन वक्र, म्हणजे आयसोथर्म, मोजले होते, गेले मात्र दोनच. खाली आलेला तिसरा ‘आउटलायर’ म्हणून काढला. आणि तो तुझ्या हातचा होता. ऐकीव गोष्ट आहे, चहाच्या टेबलावर लोक तिखटमीठ लावतात, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. कुठे गेला तो तिसरा?

सगळेच असं करतात, हे मला सांगू नकोस. करतात म्हणूनच ही दशा आहे. जॉर्जिया टेकच्या डेव्हिड शोल यांच्या गटाने २०१७ साली छापील आयसोथर्म गोळा करून ताडून पाहिले. एमओएफ, म्हणजे तुमचे हे सच्छिद्र धातू-सेंद्रिय सांगाडे, हजारो, पण तुलना करता येईल इतकी स्वतंत्र मोजमापं मिळाली ती जेमतेम पंधरा पदार्थांची. त्यातही साधारण पाचातलं एक मोजमाप बाकीच्यांशी जुळेना. पुढे २०२२ मध्ये केंब्रिजहून ६१ प्रयोगशाळांना तेच १८ आयसोथर्म पाठवून पृष्ठफळ काढायला सांगितलं, तर उत्तरं भलतीकडेच पांगली. आकडे एकच, तरी ही गत! तिथे एक अख्खं मोजमाप तुम्ही केराच्या टोपलीत टाकता?

तुझा तिसरा खाली का आला, हे कोणी शोधलं का? छिद्रांत डीएमएफ हे द्रावक अडकून राहिलं असेल. ते काढायला कोणी जास्त तापवलं असेल आणि सांगाडाच खचला असेल. किंवा पुण्यातल्या जुलैच्या हवेत सॅम्पल उघड्यावर तोललं गेलं असेल. यातलं काहीही निघालं तरी पेपरमध्ये छापण्यासारखं तेच आहे. उद्या कोणी हे किलोंनी बनवायला घेईल तेव्हा त्याच्या भट्टीत, त्याच्या हवेत, तुमचे वरचे दोन येणार नाहीत, तुझा तिसराच येईल. कॅल्गरीचं कॅल्फ-२० हे एमओएफ लोकांना का भावलं? वाफेत टिकतं आणि मोठ्या प्रमाणावर बनवता येतं म्हणून. सर्वांत उंच वक्र काही त्याचा नव्हता.

जोडीने काम करू नकोस, असं मी म्हणत नाही. डोराईस्वामी पाषाणला एनसीएलमध्ये, एम. एम. शर्मा माटुंग्याला यूडीसीटीत, आणि दोघांनी मिळून १९८४ मध्ये ‘हेटरोजीनियस रिॲक्शन्स’चे दोन जाडजूड खंड लिहिले. निवृत्तीनंतर मीही एका तरुण गटात लुडबुडतो आहे. १३एक्स झिओलाइटचा कॉलम त्यांचा, उष्णतेचं गणित माझं. अलीकडेच त्यांचं मोजमाप आणि माझं गणित एकमेकांचं तोंड बघेनात. मी त्यांच्या थर्मोकपलवर घसरलो, ते माझ्या गृहीतकांवर. शेवटी पेपरमध्ये न जुळण्यावरच एक विभाग लिहिला. मला तोच सगळ्यात आवडतो.

तुझ्या वयाचा असताना हे सुचायला हवं होतं. रसायनातला माझा तो मित्र तुझ्या आईला आठवेल, गौरीजेवणाला यायचा. उत्प्रेरक तो बनवायचा, रिॲक्टर मी चालवायचो. आकडे जुळले नाहीत तेव्हा आम्ही बोलणंच सोडलं. मग तो अमेरिकेला गेला. आता वाटतं, एक दिवस त्याच्या टेबलापाशी उभं राहून तो उत्प्रेरक कसा बनवतो ते नुसतं बघितलं असतं तर? हे राहून गेलं.

असो. तुझ्यावर फार ओरडलो. खरं तर तू गप्प का बसली असशील, हे मला कळतं. बाकीची नावं मोठी, मोजमाप तुझं एकटीचं, आणि २०२५ चं नोबेल एमओएफला मिळाल्यापासून सगळ्यांनाच घाई. अशा वेळी खालचा आकडा आपला असला की माणसाला आपलंच चुकलं असं वाटतं. पण मला तुझा हात माहीत आहे. आजोबांच्या पावसाच्या वहीत, आपण गावाला गेलो होतो त्या दिवसांपुढे शून्य लिहायला तू तयार नव्हतीस. ‘पडला की नाही ते आपण बघितलं नाही’ म्हणून रडलीस आणि रकाने कोरे ठेवायला लावलेस. तेव्हा तुझं अक्षरही धड नव्हतं.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक-संस्थेची आरएम ८८५२ नावाची झेडएसएम-५ची पूड मिळते. तिचा कार्बन डायऑक्साइडचा आयसोथर्म अकरा प्रयोगशाळांनी मोजून पक्का केला आहे. ती तुमच्या मशीनवर चालव. वक्र बरोबर आला तर निदान मशीनला दोष देता येणार नाही, आणि तिसऱ्यासाठी सप्लिमेंटरीत जागा मागायला तुला बळ येईल. पूड महाग आहे. तुमच्या सरांकडे मागायला संकोच वाटला तर पैसे मी देतो, परत करायचे नाहीत. जागा मागणारं पत्र कसं लिहायचं ते सुचलं नाही तर मसुदा मला पाठव. आणि विचारूनही जागा नाही मिळाली, तरी थेट इकडे निघून ये. काय झालं ते मी विचारणार नाही. मामी सांदण करेल.

आईला यातलं काही सांगू नकोस. मी तुला छळतो म्हणून ती आधीच माझ्यावर चिडलेली आहे. आणि रात्री वेळेवर जेवत जा गं.

तुझा,
मामा