जलसंजीवनीमागील प्रयोगशाळा

अतिसारात नुसत्या पाण्याऐवजी साखर-मिठाचे पाणी का द्यावे, याचे उत्तर प्रयोगशाळेने दिले आहे. डेन्मार्कमधील हान्स उसिंग व झेरान यांनी १९५१ मध्ये बेडकाची त्वचा दोन द्रवकक्षांमध्ये बसविली व तिच्या दोन बाजूंमधील विद्युतदाब बाहेरून प्रवाह देऊन शून्यावर ठेवला. त्यासाठी लागणारा प्रवाह म्हणजेच त्वचेतून पलीकडे गेलेल्या सोडियमचा हिशेब होय, हे त्यांनी सिद्ध केले.

पुढे हीच पद्धत आतड्याच्या अस्तरास लावण्यात आली. द्रवात ग्लुकोज घालताच प्रवाह वाढतो. कारण ग्लुकोज सोडियमला पेशीत सोबत नेते आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते. कॉलऱ्यातही हा मार्ग खुला राहतो. म्हणूनच आजच्या जलसंजीवनीत प्रतिलिटर ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. जुलाब सुरू होताच ती देण्यास विलंब करू नये.